बॉयलरच्या बोर्डाचा दुसरा जन्म

इंग्लंडात ऐन जानेवारीत घरातला बॉयलर बंद पडला, की गॅस इंजिनियर येतो, झाकण काढतो, इथे-तिथे मीटर लावतो आणि पुष्कळदा म्हणतो, "बोर्ड गेलाय." त्यामागोमाग प्रश्न येतो: नवा टाकू, की रीमॅन्युफॅक्चर्ड? म्हणजे कुणाच्या तरी घरातून काढलेला, कारखान्यात पुन्हा घडवलेला. तो बराच स्वस्त असतो. रेडिएटर गार पडलेत, अंगावर दोन स्वेटर आहेत आणि मनात भांडण सुरू: दुसऱ्याचं वापरलेलं कशाला? पण एवढे पैसे तरी का घालवायचे? लंडन-स्लावच्या मराठी घरांत तर हे भांडण आणखीच रंगत असणार.

याचं उत्तर किमतीत नाही, त्या बोर्डाच्या पोटात आहे. तिथे काय चाललेलं असतं ते एकदा पाहिलं, की माणूस किंमत विसरूनच जातो.

बोर्डाची कामं मोजायला बसलं तर बरीच आहेत. थर्मोस्टॅटचा निरोप ऐकायचा, पंखा फिरवायचा, ठिणगी पाडायची, गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा. पण सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं: ज्योत खरोखर पेटली का, हे ओळखायचं. पेटली नसेल आणि गॅस वाहतच राहिला, तर काय होईल ते सांगायला नको. आता सांगा, डोळे नसलेल्या बोर्डाला ज्योत दिसणार कशी?

ती दिसत नाही, तिच्यातून वीज जाते! आपण ज्योतीला नुसती तापलेली हवा समजतो. प्रत्यक्षात गॅस जळताना काही रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि ज्योतीत मोकळे इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयन यांची गर्दी होते. म्हणजे ज्योत वीजवाहक असते. बोर्ड एवढंच करतो, की ज्योतीत बुडालेल्या एका बारीक धातूच्या दांडीला एसी वीज देतो, क्षणात धन, क्षणात ऋण. दांडी धन असते तेव्हा हलके इलेक्ट्रॉन तिच्याकडे धाव घेतात, जड आयनांना गोळा करायला समोर बर्नरचा ऐसपैस पत्रा असतोच, आणि प्रवाह वाहतो. दांडी ऋण झाली, की ते संथ आयन तिने गोळा करायचे. पण एवढ्याशा दांडीला ते मिळणार किती? प्रवाह जवळपास थांबतो. वीज सोडली दोन्ही दिशांनी आणि ज्योतीने जाऊ दिली एकाच दिशेने. विजेपुरती ज्योत म्हणजे वन-वे रस्ता.

यातली खरी गंमत पुढेच आहे. दांडीवर पाणी साचलं, काजळी धरली, तार पत्र्याला टेकली, तरी वीज वाहेलच की! मग बोर्ड फसणार नाही का? नाही फसत. पाणी, काजळी, उघडी तार या सगळ्यांतून वीज दोन्ही दिशांनी सारखीच जाते. एकाच दिशेने जाऊ देते ती फक्त ज्योत. आणि हा प्रवाह केवढा? जेमतेम काही मायक्रोअँपिअर. पाच मायक्रोअँपिअर धरले, तर एक अँपिअरचा मोबाइल चार्जर त्याच्या दोन लाख पट वीज देतो. एवढ्या कुजबुजीवर अख्ख्या घराची सुरक्षितता उभी आहे. (आपल्याकडच्या गॅस गिझरमध्येही ज्योतीशेजारी अशी एक दांडी असते, ती याच कामाची.)

असा हुशार बोर्ड मरतो कशाने? बुद्धीने मरत नाही. त्याची चिप सहसा शाबूत असते. जातात ते आजूबाजूचे साधे, स्वस्त भाग.

पहिला संशयित कपॅसिटर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कंडेन्सर. त्या छोट्या अॅल्युमिनियमच्या डबीत फॉइल आणि कागद यांची गुंडाळी असते, आणि ती ओली असते. तो ओलावा वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. किती हळू? ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी कमी केलं तर आयुष्य दुप्पट होतं. डबीवर लिहिलेलं असतं '105 अंश', कंपनीच्या माहितीपत्रात असतात '2000 तास'. बॉयलरच्या आत ती 65 अंशांवर राहिली, तर चारदा दुप्पट, म्हणजे 32,000 तास. सतत वीज चालू धरली तर पावणेचार वर्षंही नाहीत! तिच्याच मापाची 5000 तासांची डबी घातली असती, तर नऊ वर्षं निघाली असती. किमतीतला फरक किरकोळ असतो. पण लाखो बोर्ड बनवणाऱ्याच्या हिशेबात किरकोळही मोठं होतं.

दुसरा संशयित रिले. आतले दोन कॉन्टॅक्ट पंखा किंवा पंप चालू-बंद करताना दर वेळी बारीकशी ठिणगी पाडतात. हजारो वेळा ठिणग्या पडल्या, की कॉन्टॅक्ट जळतात, नाहीतर एकमेकांना चिकटून बसतात. तिसरा तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. बोर्ड तापतो, निवतो, पुन्हा तापतो. तांबं, फायबर आणि सोल्डर वेगवेगळ्या मापाने फुगतात. रिलेच्या पायाभोवतीचा सोल्डर भिंगाखाली धरा, पायाला वेढून गेलेली केसाएवढी काळी रेघ दिसेल. तिथे सोल्डर सुटलाय. बॉयलर गार असताना चालतो आणि तापला की बंद पडतो, किंवा याच्या नेमकं उलट, या भुताटकीमागे पुष्कळदा ही रेघच असते.

आता रीमॅन्युफॅक्चर करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. एकाच मॉडेलचे मेलेले बोर्ड त्याच्याकडे ढिगाने येतात. मूळ कारखान्याने बोर्ड नवे पाहिलेले असतात, याने ते मेलेले पाहिलेले असतात! कोणती डबी आधी सुकते, कोणत्या पायाचा सोल्डर सुटतो, हे त्याला पाठ असतं. म्हणून नीट काम करणारा फक्त बिघडलेला भाग बदलत नाही. बिघडू शकणारे सगळेच बदलतो, आणि 2000 तासांच्या जागी 5000 तासांची डबी घालतो. तेवढ्यापुरता दुसऱ्या जन्माचा बोर्ड पहिल्यापेक्षा सरस ठरतो.

मग परीक्षा. बोर्ड एका चाचणी-यंत्राला जोडतात. तिथे ना बॉयलर, ना गॅस. खोटे पंप, खोटे सेन्सर. आणि ज्योत? एक डायोड आणि एक मोठा रेझिस्टर! डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, रेझिस्टर ती मायक्रोअँपिअरवर आणून ठेवतो. बोर्डाला शंकाही येत नाही. आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहोत आणि बाहेर बर्फ पडतंय, असं समजून तो मुकाट कामाला लागतो. मधेच डायोड काढून घेतला, की त्याने तत्क्षणी गॅस तोडला पाहिजे. ही परीक्षा ज्या बोर्डाची झालेली नाही, तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

'रिपेअर', 'रिकंडिशन्ड' आणि 'रीमॅन्युफॅक्चर्ड' ही दुकानातली एकाच मालाची तीन नावं नव्हेत. ब्रिटनच्या बीएस 8887 या मानकात 2009 साली व्याख्याच केली गेली: रीमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे मूळ कामगिरीच्या किमान बरोबरीचं, आणि वॉरंटी नव्या मालाइतकी किंवा जास्त. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न वॉरंटीचाच विचारावा. नव्याला वर्षभर आणि याला तीन महिने, असं उत्तर आलं तर तो दुरुस्त केलेला बोर्ड समजावा, वर लेबल काहीही असो.

सगळ्याच भागांना मात्र हा पुनर्जन्म लाभत नाही. ठिणगीची दांडी, गास्केट, जुन्या बॉयलरमधलं थर्मोकपल, ही स्वस्त मंडळी सरळ नवी घ्यावीत. गॅस व्हॉल्व्हही मी नवाच घेईन: त्याच्या आतलं रबर किती थकलंय हे बाहेरून कळत नाही आणि चुकीची किंमत फार मोठी आहे. पंपाची गोष्ट मजेदार आहे. रेडिएटरच्या आत लोखंड गंजून मॅग्नेटाइट नावाचा काळा गाळ होतो आणि हा गाळ चुंबकाला चिकटतो. नव्या काटकसरी पंपांच्या रोटरमध्ये असतं काय? कायमचुंबक! म्हणजे घरभराचा गाळ नेमका पंपाच्या काळजात जाऊन बसतो. पाणी स्वच्छ न करता पंप बदलला, तर तो नवा होता की दुसऱ्या जन्माचा, याने काही फरक पडत नाही.

तेच बोर्डाचंही. वरून पाणी ठिबकून बोर्ड मेला असेल, तर ठिबक थांबवल्याशिवाय दुसराही मरणार. आणि कधी कधी बोर्ड मेलेलाच नसतो. हवेतल्या सिलिकोनयुक्त वाफा, म्हणजे केसांच्या स्प्रेपासून पॉलिशपर्यंत काहीही, ज्योतीत जळून दांडीवर सिलिकाचा पातळ थर देतात. सिलिका वीज अडवते. ज्योत ढणढणत असते आणि बोर्डाला वाटतं, विझली. तो इमानाने गॅस बंद करतो, लोक त्यालाच बदलतात. अशा वेळी जाणकार इंजिनियर दांडीच्या तारेत मायक्रोअँपिअरचा मीटर जोडतो, आकडा घसरलेला दिसला की दांडी बाहेर काढतो, बारीक स्टीलवूलने घासतो आणि परत लावतो. आकडा चढतो, बॉयलर पेटतो, आणि बिलात बोर्डाची ओळच येत नाही.