पायातलं रक्त वर कसं चढतं?

घरी आजोबा आहेत ना? मग त्यांना विचारून एक गंमत करून बघा. त्यांना मिनिटभर हात खाली लोंबता सोडायला सांगा. मनगटाकडून कोपराकडे जाणाऱ्या निळसर शिरा टरारून वर येतील. त्यातली एक सरळ शीर निवडा. मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने आतलं रक्त कोपराच्या दिशेने हलकेच सरकवत न्या, वाटेतल्या एखाद्या छोट्या गाठीच्या पलीकडे. आता हे दुसरं बोट उचला. काय झालं? वरचं रक्त त्या गाठीपाशीच अडलं, खालची शीर रिकामीच राहिली! मग पहिलं बोट उचला. शीर खालून झर्रकन भरते.

ती गाठ म्हणजे शिरेतली झडप. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातले फाब्रिसियस यांनी या झडपांवर १६०३ साली पुस्तक लिहिलं होतं. पण शिरांमधून रक्त हातापायांकडे जातं, असंच तेव्हा सगळे मानत. म्हणून फाब्रिसियसना वाटलं, झडपा रक्ताचा लोंढा नुसता संथ करत असतील. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने मात्र झडपा कुठल्या दिशेला उघडतात हे नीट पाहिलं. त्या हृदयाकडेच उघडतात! तुम्ही आत्ता केलात तो प्रयोग हार्वेच्या १६२८ सालच्या पुस्तकात चित्रांसकट आहे. झडपा दोघांनीही पाहिल्या होत्या, पण रक्त गोल फिरून परत हृदयाकडे येतं हे ओळखलं हार्वेने. मला तर ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

झडपांची खरी कसोटी लागते पायात. मोठ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताला मीटरभराहून जास्त चढण चढायची असते. ते ढकलतं कोण? पोटरी! पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर उसळतं. म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. स्नायू सैल पडले की रक्त मागे येऊ पाहतं, तेवढ्यात झडपा मिटतात. घाट चढणाऱ्या बैलगाडीच्या चाकामागे दगड सारतात ना, अगदी तसं. तुम्ही गप्प उभे राहिलात तर पोटरीचं काम थांबतं. बीपी ज्या मापात मोजतात त्याच मापात मोजलं, तर मोठ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत तेव्हा ९०च्या आसपास दाब असतो. चालायला लागलं की तो ३०च्या जवळपास उतरतो.

काही जणांच्या झडपा नीट मिटेनाशा होतात. रक्त खाली साचतं, शीर फुगते, नागमोडी होते. याच त्या व्हेरिकोज व्हेन्स. घरात कुणाला असतील तर पुढच्या पिढीतही होऊ शकतात. बाळ पोटात असताना आईलाही होऊ शकतात. तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्यांनाही त्रास होतो. पाय जड होतात, ठणकतात, घोटे सुजतात. दुखणं वाढलं तर घोट्याजवळची कातडी काळवंडते, जखम होते आणि ती लवकर भरत नाही. त्यामुळे घरात कुणाचे पाय असे दिसले तर त्यांना डॉक्टरांकडे जायला नक्की सांगा.

डॉक्टर आधी सोनोग्राफी करून कुठली झडप गळते ते शोधतात. काहींना चालायला, बसल्यावर पाय उंच ठेवायला आणि घट्ट मोजे घालायला सांगतात. हे मोजे घोट्याशी सर्वात घट्ट असतात. जिराफाला असे मोजे जन्मतःच मिळालेत, कारण त्याच्या पायांची कातडी जाड आणि आवळून बसलेली असते! शीर फारच बिघडली असेल तर तिच्यात बारीक लेसरची तार सरकवून उष्णतेने ती आतून बंद करतात. लहान शिरांना औषधाचं इंजेक्शन पुरतं. मग रक्ताचं काय? ते आत खोलवरच्या शिरांतून वर जातं. तसंही पायातलं बहुतेक रक्त तिथूनच जात असतं.

घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी शीर ही आपल्या शरीरातली सर्वात लांब शीर. ती निरोगी असली तर हृदयाच्या बायपाससाठीही उपयोगी पडते. अर्जेंटिनाचे डॉक्टर रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ती वापरून बायपास केली. मात्र हृदयावर जोडताना या शिरेचा तुकडा उलटा फिरवून लावतात. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. सुलटा लावला तर झडपाच रक्ताची वाट अडवतील!