मराठी शिकण्यासाठी आलेले पाहुणे

विद्येसाठी दूरदेशी जाण्याची प्रथा फार जुनी आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू वाळवंटे आणि पर्वत ओलांडून नालंदा येथे शिकण्यास आला. पुढे त्याने महाराष्ट्रालाही भेट दिली आणि येथील लोकांविषयी जे पाहिले, ऐकले ते लिहून ठेवले. आज आपल्याकडील मुले उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात, हे सर्वांना माहीत आहे. परंतु परदेशांतील काही विद्यार्थी केवळ मराठी भाषा शिकण्यासाठी हजारो मैलांचा प्रवास करून पुण्यास येतात, हे पुष्कळांच्या कानी नसते.

भारताचा इतिहास, भाषा व कला यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील विद्यापीठांनी १९६१ साली एक संस्था स्थापन केली. तिचे नाव 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संस्कृतचे पंडित डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन हे या कामी अग्रणी होते. भारतातील तिच्या कार्याचा आरंभ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाला. जी भाषा शिकावयाची, ती जेथे घरोघर बोलली जाते तेथेच जाऊन राहावे, असे या संस्थेचे धोरण आहे. म्हणून हिंदी शिकणारे जयपूरला जातात, तमिळ शिकणारे मदुराईला आणि मराठी शिकणारे पुण्यास येतात.

या अभ्यासक्रमास 'उन्हाळी वर्ग' असे म्हणतात, आणि पहिली मौज या नावातच आहे. अमेरिकेत जून ते ऑगस्ट हे उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस. त्या सुटीत विद्यार्थी निघतो खरा; पण पुण्यास पोहोचतो तो ऐन पावसाळ्यात! उन्हाळी वर्गाला जाताना छत्री घ्यावी लागते. रस्त्यातील चिखल, वाळता न वाळणारे कपडे आणि खिडकीतून येणारा ओल्या मातीचा वास यांच्या सोबतीने त्याचा अभ्यास सुरू होतो.

हे विद्यार्थी कशासाठी येतात? कोणाला पेशवाईतील कागदपत्रे वाचून इतिहास लिहावयाचा असतो. कोणाला संतांचे अभंग मूळ भाषेत समजून घ्यावयाचे असतात. कोणी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत असतो. काहींचे आईवडील महाराष्ट्रातून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले असतात. आपल्या आजीशी तिच्या भाषेत बोलता यावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

वर्गात शिक्षक धडे देतात, व्याकरण समजावून सांगतात, संभाषण करवून घेतात. परंतु यांपैकी बरेच विद्यार्थी एखाद्या मराठी कुटुंबात राहतात, आणि खरी शाळा त्या घरात भरते. अशा एखाद्या विद्यार्थिनीची कल्पना करा. संध्याकाळी ती घरातील मंडळींबरोबर जेवावयास बसते. समोर 'ताट' येते. या लहानशा शब्दातच तिची पहिली परीक्षा असते. 'त' म्हणताना जीभ दातांना लागते, 'ट' म्हणताना ती मागे वळून टाळूला लागते. इंग्रजीतील ध्वनी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो. त्यामुळे 'ताट' हा शब्द तिच्या तोंडून धड 'तात' होत नाही आणि धड 'टाट'ही होत नाही. 'ळ' तर इंग्रजीत मुळीच नाही. तिला 'वेळ' म्हणावयाचे असते, पण उच्चार होतो 'वेल'. 'मूळ' शोधू जाता 'मूल' हाती येते! आणि 'चार चाके' हे दोन शब्द एकाच अक्षराने लिहूनही दोन तऱ्हांनी का उच्चारावयाचे, हा प्रश्न तिने विचारला, तर घरातील मोठी माणसेही क्षणभर विचारात पडतात. आपण तसे बोलतो हे खरे. पण तसे बोलतो याकडे आपले लक्ष कधी गेलेलेच नसते.

मग भोजनास आरंभ होतो. भात 'तो', भाजी 'ती' आणि वरण 'ते'. एकाच ताटात तीन लिंगे! इंग्रजीत निर्जीव वस्तूंना असा भेद नाही. पेला पुरुष का आणि वाटी स्त्री का, याला कारण सांगता येत नाही. प्रत्येक शब्द त्याच्या लिंगासह पाठ करावा लागतो, कारण पुढचे विशेषण आणि क्रियापद त्यावर अवलंबून असते. भात गरम असला तरी तो 'चांगला', भाजी 'चांगली' आणि वरण 'चांगले'. इतकेच नव्हे, तर बोलणाऱ्याप्रमाणेही क्रियापद बदलते. पुरुष शिक्षकांचे ऐकून ती घरी 'मी जातो' असे म्हणते आणि घरातील मुले खुदकन हसतात.

"पोळी हवी का?" असे विचारल्यावर ती 'नाही' म्हणते. तिच्या भाषेत नकार देण्यास एक शब्द पुरतो. मराठीत मात्र 'नाही', 'नको' आणि 'नव्हे' अशी तीन भावंडे आहेत. डब्यात पोळी नसली तर 'नाही', पोट भरले असले तर 'नको', आणि ती पोळी नसून भाकरी असली तर 'ही पोळी नव्हे'. या तिघांची कामे वेगळी आहेत, हे तिला जेवता जेवता कळते. मात्र एकदा 'नको' म्हटले तरी यजमानीण आणखी अर्धी पोळी वाढतेच; हा आग्रह कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात दिलेला नसतो.

असेच आभारांचे आहे. तिच्या देशात पाण्याचा पेला दिला तरी आभार मानण्याची रीत आहे. न मानणे हे उद्धटपणाचे समजतात. म्हणून ती दर खेपेस 'मी आपली आभारी आहे' असे म्हणते. दोन दिवस ऐकून घेतल्यावर काकू म्हणतात, "अगं, घरच्या माणसांचे कोणी असे आभार मानते का?" ती गोंधळते. जो शब्द तिच्याकडे जिव्हाळा दाखवितो, तोच येथे घरात परकेपणा दाखवितो. भाषा म्हणजे केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे, हे ती त्या क्षणी शिकते.

मंडईत गेल्यावर संख्यांची गाठ पडते. इंग्रजीत विसाच्या पुढे दशकाच्या नावास एकक जोडला की संख्या तयार होते. मराठीत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र रूप घेऊन येतो. भाजीवाल्या मावशी 'एकोणसाठ' म्हणतात. ती 'साठ' एवढेच ऐकते आणि साठाहून अधिक पैसे मोजू लागते. 'एकोण' म्हणजे एकाने उणे, हे रहस्य उलगडते न उलगडते तोच 'सव्वाशे', 'पावणेदोनशे' आणि 'अडीचशे' पुढे उभे राहतात. पावणेदोनशे म्हणजे १७५, हे समजण्यास तिला कागद व पेन्सिल घ्यावी लागते.

शब्दकोशही वेळेला साहाय्य करतोच असे नाही. 'पावसात' हा शब्द ती कोशात शोधते, पण तेथे तो सापडत नाही. तेथे असतो 'पाऊस'. 'उसाचा' शोधावे, तर कोशात 'ऊस'. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द आपले रूप पालटतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कोश तरी कसा पाहावा?

असे काही दिवस गेले म्हणजे बहुतेकांना निराशेचा झटका येतो. मायदेशी विद्यापीठात नाव मिळविलेली ही हुशार मुलगी येथे तीन वर्षांच्या बालकाइतकेही बोलू शकत नाही! त्यात आणखी एक अडचण असते, आणि ती आपल्या चांगुलपणातून निर्माण होते. ती दुकानदाराशी मराठीत बोलू लागते आणि दुकानदार इंग्रजीत उत्तर देतो. ती मराठीत रस्ता विचारते आणि वाटसरू इंग्रजीत सांगतो. पाहुणीला त्रास होऊ नये, हा त्यांचा हेतू. पण जी वस्तू घेण्यासाठी ती सातासमुद्रांपलीकडून आली, तीच वस्तू तिला मिळत नाही. पोहायला शिकू पाहणाऱ्याला दर वेळी उचलून काठावर ठेवावे, तसे हे होते.

या अडचणीतून तिला दोघे जण बाहेर काढतात. पहिली म्हणजे घरातील मुले. मोठी माणसे संकोचामुळे चूक दाखवीत नाहीत, मुले मात्र "तो वाटी नाही, ती वाटी!" असे बेधडक सांगतात आणि पुन्हा म्हणावयास लावतात. अशा निर्भीड शिक्षकांकडून विद्या लवकर येते.

दुसरी म्हणजे वारी. जून किंवा जुलै महिन्यात देहूहून तुकाराम महाराजांची आणि आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करून पंढरपूरकडे जातात. कित्येक परदेशी विद्यार्थी वारकऱ्यांबरोबर एखादा टप्पा चालून पाहतात. पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढावा लागतो. त्या चढणीवर सोबतीला असतात गावोगावच्या शेतकरी स्त्रिया. त्यांच्यापैकी अनेकींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या मराठीतच बोलतात, आणि अगदी मोकळेपणाने बोलतात. "कुठल्या गावची गं तू, बाई? तुझ्या गावाकडं पाऊस झाला का?" या प्रश्नाला उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसते. ती अडखळत सांगते. त्या समजून घेतात. कोणी तिची चूक काढीत नाही, कोणी घाई करीत नाही. लहानमोठा, स्त्रीपुरुष, देशी परदेशी असा भेद न करता सर्वांना एकच हाक असते, 'माउली'. विसाव्याच्या ठिकाणी भाकरी सोडताना एखादी बाई म्हणते, "ये, आपण मिळून खाऊ."

हा 'आपण' शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही जेवतो' असे म्हटले, तर ऐकणारा त्या पंगतीबाहेर राहतो. 'आपण जेवू' असे म्हटले की तो पंगतीत येऊन बसतो. व्याकरणाच्या तासाला हा नियम तिने वहीत लिहून घेतलेला असतो. त्याचा अर्थ तिला घाटमाथ्यावर कळतो.

परभाषकांनी अशा कष्टाने मराठी आत्मसात केल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात थोडी नाहीत. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. अमेरिकेतील एलिनॉर झेलियट यांनी मराठीचा अभ्यास करून डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा इतिहास लिहिला. मॅक्सीन बर्नसन फलटणला राहिल्या. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तके तयार केली आणि पुढे फलटणच्या मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले. दि. बा. मोकाशी यांनी वारीवर लिहिलेल्या 'पालखी' या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर फिलिप एंगब्लॉम यांनी केले. या सर्वांनी कधीतरी पहिल्यांदा 'ळ' म्हणताना जीभ अडखळविली असेल.

ऑगस्ट महिना आला की उन्हाळी वर्ग संपतो. विद्यार्थिनी सामान बांधते. ती भाषापंडित झालेली नसते. अजूनही तिची वाक्ये मोडतात. पण कोणी विचारले, तर ती 'मला मराठी येते' असे सांगू शकते. हे वाक्यही ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्रजीत माणूस भाषा जाणतो. मराठीत भाषा माणसाकडे येते. ती बळाने ओढून आणता येत नाही. बोलणारे लोक तिला पाठवितात, तेव्हा ती येते. उंबरठ्यावर निरोप घेताना ती 'जाते' असे म्हणत नाही, 'येते' असे म्हणते, आणि काकूंचे डोळे पाणावतात.

कधी असा एखादा पाहुणा तुमच्या गावी, तुमच्या शेजारी आला आणि मोडक्यातोडक्या मराठीत बोलू लागला, तर त्याला हसू नये. इंग्रजीत उत्तर देण्याची घाईही करू नये. सावकाश, स्पष्ट आणि शुद्ध मराठीत त्याच्याशी बोलावे. चुकला तर प्रेमाने सांगावे. परप्रांतातून येऊन तुमच्या वर्गात बसणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे. जी भाषा आपल्याला जन्मतः विनासायास मिळाली, ती कोणी श्रमाने मिळवू पाहत असेल, तर त्याला 'आम्ही'च्या बाहेर उभे न करता 'आपण'मध्ये घेणे हे तिच्या प्रत्येक लेकराचे कर्तव्य आहे.