पहिला डेस्कटॉप जुळवताना

उन्हाळी सुट्टी जवळ आली की डॉर्मिटरीत एक चर्चा हमखास ऐकू येते: घरी गेल्यावर कॉम्प्युटर असेंबल करायचा, तर ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यायचे? माझ्या मते हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा.

माझे वडील सध्या दिल्लीत पोस्टिंगवर आहेत, त्यामुळे मागच्या सुट्टीत नेहरू प्लेसच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. घरून चाळीस हजारांची मर्यादा होती, तीही मॉनिटरसकट. आणि ते पैसे बाबांनी माझ्या एकट्यासाठी दिलेले नव्हते. धाकटी बहीण आठवीत आहे आणि मी वर्षातला बराचसा काळ इथे शाळेत असतो. म्हणजे मशीन माझ्यापेक्षा तीच जास्त वापरणार. काही बिघडले तर उघडून बघायला मी घरी नसणार. एवढे लक्षात घेतले की भाग निवडण्याची पद्धतच बदलते.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, लॅपटॉपच का नको? लॅपटॉप बरोबर नेता येतो, हे खरेच. पण कॅडेटला तो शाळेत आणायची परवानगीच नसेल, तर त्या सोयीचे पैसे वाया. डेस्कटॉपमधला एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो आणि दोन वर्षांनी एखादाच भाग वाढवता येतो. दुसरी शंका 'असेंबल्ड' या शब्दाबद्दल. आमच्या आजोबांना तो शब्द ऐकला की जुगाड आठवतो. त्यांना मी पुण्याच्या सी-डॅकचे उदाहरण दिले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेला 'परम ८०००' हा महासंगणकही बाहेर विकत मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडूनच उभा राहिला होता. आजोबा पुण्याचे असल्यामुळे तो मुद्दा लगेच पटला.

नेहरू प्लेसला व्हायलेट लाइन मेट्रोने जाता येते. स्टेशनातून बाहेर पडले की मधे मोठे फरसबंदी आवार आणि भोवती उंच इमारती. कॉम्प्युटरची दुकाने या इमारतींच्या मजल्यांवर पसरलेली आहेत. (आईला कंटाळा येईल असे वाटले होते, पण तिथे कापडाचीही भरपूर दुकाने आहेत.) रविवारी बाजार बहुतेक बंद असतो. मुंबईत हेच काम लॅमिंग्टन रोडला होते. जाण्याआधी यादी कागदावर लिहून न्यावी, कारण काउंटरवर "त्यापेक्षा हे घ्या" असे ऐकावे लागतेच. यादीत भागाचे पूर्ण नाव हवे, शेवटच्या अक्षरासकट.

ते अक्षर का महत्त्वाचे, ते प्रोसेसरच्या बाबतीत दिसते. इंटेलच्या कोअर आय-३ १२१०० मध्ये चित्र दाखवणारा भाग आतच असतो. १२१००एफ मध्ये नसतो. म्हणजे 'एफ' वाला स्वस्त पडला म्हणून आणला आणि वेगळे कार्ड घेतले नाही, तर मॉनिटर काळाच राहणार. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी मधला 'जी' नेमके उलटे सांगतो: ग्राफिक्स आत आहे. साध्या ५६०० मध्ये ते नाही. आमच्या यादीत ५६००जी होता. सहा कोअर, बारा थ्रेड. बहिणीचा अभ्यास, बाबांच्या एक्सेल शीट, माझे पायथन आणि हलकेफुलके गेम एवढ्यासाठी तो पुरेसा आहे, आणि ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचतात. मोठे गेम चालणार नाहीत, हे आधीच मान्य करून टाकावे.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्डची निम्मी निवड आपोआप होते, कारण प्रत्येक प्रोसेसरचे सॉकेट ठरलेले असते. बाराव्या पिढीचा इंटेल एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतो, ५६००जी एएम ४ मध्ये. २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ मध्ये तो बसत नाही. एएम ५ वर पुढे नवे प्रोसेसर टाकता येतील म्हणून काही जण तोच घ्या म्हणतात. सल्ला चांगला आहे, पण एएम ५ ला फक्त डीडीआर ५ रॅम चालते आणि एकूण खर्च वाढतो. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ च्या पट्ट्या दिसायला सारख्या आणि दोन्हींना पिना २८८, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आणखी एक बारकावा: बी ४५० सारख्या जुन्या बोर्डाचे बायॉस अपडेट केलेले नसेल, तर तो ५००० मालिकेतला प्रोसेसर ओळखत नाही. दुकानात विचारून घ्यावे आणि जमल्यास तिथेच अपडेट करून मागावे.

रॅम सोळा जीबी घ्यायची असेल तर एक सोळाची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असेल तर हे जास्तच महत्त्वाचे, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते हीच रॅम वापरते. साठवणीसाठी एसएसडी. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तर पीसीआयई ३ ची चांगली एनव्हीएमई सुमारे ३५०० एमबीपर्यंत जाते. एम.२ आकाराच्या दोन्ही मिळतात आणि वरवर सारख्याच दिसतात, म्हणून खोक्यावर 'एनव्हीएमई' वाचूनच पैसे द्यावेत.

आता ज्याकडे कोणीच बघत नाही तो भाग, एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसीमध्ये बदलतो. बाकी सगळे भाग याच्यावर जगतात. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेले असते, पण खरी गोष्ट बाजूच्या छोट्या तक्त्यात असते. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा आणि गुणाकार करा. नववी-दहावीचेच गणित आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. समजा तिथे १८ अँपिअर लिहिले असेल, तर १२ × १८ = २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, म्हणून बाहेरचा ५०० आपल्या उपयोगाचा नाही. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ अँपिअरच्या आसपास दिसते. म्हणजे ४३२ वॉट.

'८० प्लस' हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. आत २०० वॉट लागत असतील आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीतून २५० वॉट ओढले जातात आणि ५० वॉटची उष्णता होते. शिक्का चांगला, पण तो टिकाऊपणाची हमी देत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते बघावे. ५६००जी ची अधिकृत मर्यादा ६५ वॉटची असली तरी जोर लागल्यावर तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. बाकी भाग मिळवूनही, कार्ड नसताना, सगळे मशीन दीडशे वॉटच्या आत राहते. मग ४५० कशाला? उद्या कार्ड लावले तर एसएमपीएस पुन्हा विकत घ्यावा लागू नये म्हणून. माझे स्पष्ट मत आहे की पैसे कमी पडले तर कॅबिनेटच्या काचेवर आणि रंगीत दिव्यांवर वाचवावेत, इथे नाही. स्वस्त एसएमपीएस जळताना कधीकधी मदरबोर्डलाही बरोबर घेऊन जातो, आणि घरी तेव्हा फक्त आई आणि बहीण असतात.

याला जोडूनच अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरचा नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात आणि त्यांतून अगदी थोडा प्रवाह गळतो. तो अर्थच्या तारेने जमिनीत जायला हवा. तार तुटलेली असेल तर तो आपल्या बोटातून वाट शोधतो. म्हणून तीन पिनांचा प्लग दोन पिनांचा करणारे अडॅप्टर वापरू नये, आणि मशीन आणण्याआधी त्या सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी एमईएसकडे तक्रार नोंदवली की झाले. ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला काही मिनिटे मिळतात, तेवढीच अपेक्षा ठेवावी.

दिल्लीचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हवेबद्दल सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वर धुळीची वादळे. पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. ५६००जी ९५ अंशांच्या मर्यादेजवळ पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून समोर बंद काच असलेले कॅबिनेट दिल्लीत, किंवा नागपूर-चंद्रपुरातही, मला पटत नाही. पुढे जाळी हवी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा. तो धुण्याचे काम आमच्याकडे बहिणीकडे सोपवले आहे. ती विसरली तर फोनवर आठवण करून देतो.

बजेट करताना हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे कीबोर्ड, माऊस, यूपीएस आणि विंडोजचे लायसन्स. लायसन्सचे पैसे नसतील तर चोरीची प्रत टाकू नये, उबुंटू मोफत मिळते. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारित 'माया' ही प्रणाली आणणार असल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा गणवेशातल्यांनी तिला बिचकायचे कारण नाही.

फौजी घरांसाठी एक वेगळा मुद्दा. दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि सगळे सामान काळ्या ट्रंकांत जाते. तेव्हा प्रत्येक भागाची वॉरंटी भारतभर चालणारी आहे ना, हे घेतानाच पाहावे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या बाहेरून आणलेल्या मालाला ती बहुधा नसते. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि त्याचा फोटो घरच्या दोन फोनांमध्ये ठेवावा, कारण बिलाची शाई उडते. प्रोसेसरवर उंच, जड कूलर लावणे मी टाळले, कारण ट्रकच्या धक्क्यांनी तो मदरबोर्डला ताण देतो. प्रोसेसरबरोबर खोक्यात मिळतो तो छोटा पंखा पुरतो. कार्ड लावलेले असेल तर निघण्याआधी ते काढून वेगळे बांधावे. मॉनिटरचे आणि कॅबिनेटचे थर्मोकोलसकट खोके माळ्यावर जपून ठेवावेत. आईने ते दोनदा रद्दीवाल्याला द्यायला काढले होते. आता त्यांवर मी मार्करने 'पुढची पोस्टिंग' असे लिहून ठेवले आहे.