दुसऱ्याची अ‍ॅप्स, आपला फोन

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंगचं ड्रॉइंग, डिस्पॅचचा फोटो, पेमेंटचा मेसेज मोबाइलवरच फिरतो. अँड्रॉइड सोडून वेगळ्या प्रणालीचा फोन घ्यायचा, तर रोजची अ‍ॅप्स चालतील का? २०१७ साली आलेल्या जिओफोनच्या कायओएस या प्रणालीवर अँड्रॉइड अ‍ॅप्स चालत नसत. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. फिनलंडच्या सेलफिश या प्रणालीने मधला थर दिला: अँड्रॉइड अ‍ॅपने मागितलेलं काम तो मूळ प्रणालीकडून करून घेतो. ब्लॅकबेरी १०नेही हीच सोय केली, पण मग अनेक डेव्हलपरांनी त्या प्रणालीसाठी वेगळं अ‍ॅप लिहिलंच नाही. तरीही ही सोय द्यायलाच हवी, नाहीतर नव्या प्रणालीला गिऱ्हाईकच मिळणार नाही. खरं अडतं बँकांच्या अ‍ॅप्सवर. गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या फोनवर त्यातली काही उघडतच नाहीत. फोन बदलण्याआधी तेवढं तपासून घ्या.