गाडी घेणं आणि गाडी येणं



पाडव्याला किंवा दसऱ्याला पुण्यातल्या कुठल्याही शोरूमसमोर पाच मिनिटं उभे राहा. दृश्य ठरलेलं असतं. नवी कोरी मोटरसायकल, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आई ओवाळते, वडील पेढ्यांचा पुडा धरून उभे असतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी किल्ली हातात घेऊन गाडीवर बसते. लिंबू चिरडलं जातं आणि गाडी तशीच समोरच्या रहदारीत शिरते. आज आपल्याला बोलायचं आहे ते त्या लिंबानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटरसायकलवर बोलायचं म्हणजे काय, असं आपल्यापैकी काहींना वाटत असेल. तर आधी खुलासा करतो. आपण दोन प्रश्न सर्रास विचारतो. ‘गाडी घेतली का?’ आणि ‘गाडी येते का?’ पहिल्याचं उत्तर पावतीवर असतं. दुसऱ्याचं कुठेच लिहिलेलं नसतं. पोहता येतं, पोळ्या येतात, तबला येतो, तशी गाडी येते. ‘मला पोहणे ठाऊक आहे’ असं कुणी म्हणत नाही. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात हाच भेद मांडला. एखादी गोष्ट आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती कशी करायची हे येत असणं वेगळं. आपल्या घरातल्या मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे. आपण फक्त शोरूममध्ये तो विसरतो.

आमच्या पिढीला तो विसरायची सोय नव्हती. पुणं तेव्हा सायकलींचं शहर. आकुर्डीला बजाजचा कारखाना होता, तरी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. 1972 साली 50 सीसीची लूना आली आणि अनेक घरांत तीच पहिली इंजिनाची गाडी झाली. आम्ही आधी दहा-बारा वर्षं सायकल हाकली, मग भावाची लूना, आणि तिशीला टेकल्यावर एक सेकंडहँड मोटरसायकल. तोवर रस्त्यावरची वाळू, अचानक उघडणारं दार, मधेच थांबणारा माणूस हे सगळं ताशी पंधराच्या वेगाने शिकून झालेलं होतं. पडलो तर गुडघा फुटायचा, त्यापलीकडे फार काही व्हायचं नाही. ही शिडी शहाणपणाने बांधलेली नव्हती, परिस्थितीने बांधलेली होती. पण शिडी होती.

आज पहिलीच गाडी दीडशे-दोनशे सीसीची असते. हे वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. मात्र शिडी आता आपोआप मिळत नाही, ती आपली आपण बांधावी लागते. कशी, ते पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी कागदांची. गिअरच्या गाडीसाठी वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत. आधी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची परीक्षा शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. हे तीस दिवस लोकांना सरकारी अडथळा वाटतात. खरं तर कायद्याने शिल्लक ठेवलेली ती शिडीची एकमेव पायरी आहे. परीक्षेत ‘आठ’ काढायला लावतात. त्यात हळू वेगातला तोल कळतो. पण समोर कुणी आडवं आलं तर तुम्ही कुठे थांबाल, हे त्या आठमधून कळत नाही. विम्याचंही समजून घ्या. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यातून होते. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. पाच वर्षांचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहिलेली अनेक घरं आम्ही पाहिली आहेत.

दुसरी पायरी हेल्मेटची. पुण्यात हा शब्द उच्चारला की सभेत चुळबुळ सुरू होते. ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द आपल्या शहराने जितका वापरला तितका क्वचितच कुणी वापरला असेल. 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा शहरात विरोधाची आंदोलनं झाली. त्या विरोधामागचा युक्तिवाद आम्हाला चांगला माहीत आहे, कारण आम्ही तो वर्गात शिकवला आहे. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली म्हटलं की, दुसऱ्याला इजा होत नसेल तर समाजाने व्यक्तीवर सक्ती करू नये. हा विचार समजावताना आम्ही उदाहरण हेल्मेटचंच द्यायचो. ‘डोकं माझं, प्रश्न माझा.’ वर्गात हशा पिकायचा.

त्या वर्गातला एक विद्यार्थी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. फार चांगला वाचणारा मुलगा. नवी मोटरसायकल घेऊन चार महिने झाले होते. एका सकाळी घराजवळच, दूध आणायला म्हणून निघाला. हेल्मेट घरी कपाटावर राहिलं. वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती. वेग फार नव्हता. गाडीला जेमतेम ओरखडे आले. मुलगा वाचला. आजही आम्हाला ओळखतो, हात हातात घेतो. पण वाक्य सुरू केलं की शब्द येत नाहीत. त्याची आई शेजारी बसून ते वाक्य पुरं करते. ‘प्रश्न माझा’ हे उदाहरण आम्ही त्यानंतर पुन्हा दिलं नाही. मिल चुकला असं आमचं म्हणणं नाही. ‘इजा फक्त मला’ हे त्यातलं गृहीतक त्या घरात बसल्यावर टिकत नाही, इतकंच.

आता आकडे ऐका. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या 50,029. त्यांत 14,337 मागे बसलेले होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. म्हणून गाडीचं बजेट ठरवतानाच हेल्मेटचे पैसे बाजूला काढा, आणि दोन हेल्मेटचे काढा. आयएसआय खूण बघा. घालून, पट्टा लावून, मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्याभोवती फिरता कामा नये. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. मोठा आघात झालेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. आणि ते कोपराला अडकवून काही उपयोग नाही, कारण कोपराने कुणी विचार करत नाही.

तिसरी पायरी मोकळ्या मैदानाची. इथे तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, क्लच. रेस न देता, क्लच अगदी हळू सोडत न्या. गाडी जिथे पुढे ओढायला लागते ती जागा बोटांना कळली पाहिजे. चालत्या माणसाच्या वेगाने गाडी पाय न टेकता नेता आली की ही पायरी झाली.

दुसरी, ब्रेक. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील’ ही सायकलच्या काळातली शिकवण अजून घरोघरी चालते. गाडी थांबू लागली की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, दाबत न्यायचे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याने चाक जाम होत नाही. पण अंतराचा हिशेब एबीएसलाही चुकत नाही. ताशी 40 ला आपण सेकंदाला 11 मीटर जातो, 60 ला जवळजवळ 17. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. मग कोरड्या रस्त्यावर, ब्रेक नीट लावला तर, 40 ला एकूण साधारण 21 मीटरवर गाडी थांबते आणि 60 ला 40 मीटरवर. पीएमपीची बस 12 मीटरची धरली, तर दोन बसपेक्षा कमी अंतर एकदम तीन बसच्या पुढे गेलं. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट.

तिसरी गोष्ट वळणाची, आणि ती ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे फिरतं, गाडी डावीकडे कलते आणि डावीकडे वळते. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे करतो, पण विचारलं तर सांगू शकत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने 1958 साली नेमकं सायकलचंच उदाहरण दिलं होतं. शरीराला येतं, तोंडाला सांगता येत नाही. म्हणूनच ते पुस्तकातून किंवा आमच्या व्याख्यानातून येणार नाही; मैदानातच येईल.

चौथी पायरी रस्त्यांची, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी रविवारी सकाळी सहाचे रिकामे रस्ते. मग दुपारची बेताची रहदारी. मग लक्ष्मी रोड, टिळक रोड. रात्र त्यानंतर. डबलसीट त्याच्याही नंतर, कारण मागे माणूस बसला की तोल, वळण आणि थांबणं, तिन्ही बदलतं. सिंहगडाचा घाट आणखी पुढे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांत शेवटी. तिथे मागून येणाऱ्या अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन वारंवार अपघात झाले आहेत. जूनच्या पहिल्या पावसात अनुभवी माणसानेही जपावं. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं तर विशेष. नव्या गाडीचे टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर पुरते पकड घेत नाहीत.

गाडीकडे बघणं हाही शिकण्याचाच भाग आहे. टायर थंड असताना हवा, चेनचा ताण आणि तेल, ब्रेक, दिवे. रोज दोन मिनिटं. आकडे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका कपाटात न ठेवता वाचा.

शेवटचा मुद्दा. सगळ्यांत धोक्याचा काळ पहिला आठवडा नव्हे. तेव्हा भीती असते आणि भीती डोळे उघडे ठेवते. धोका चौथ्या-पाचव्या महिन्यात येतो, जेव्हा हात आपोआप चालतात आणि आपल्याला वाटतं, आता गाडी आली. राइलने सवय आणि कौशल्य यांत फरक केला आहे. बर्फाळ खडकावरून, अंधारात चालणारा गिर्यारोहक पाय सवयीने टाकत नाही. प्रत्येक पावलाला तो काय करतोय ते बघत असतो, आणि त्यातूनच पुढचं शिकत असतो. सवय एकदा लागली की शिकणं संपतं. कौशल्यात ते संपत नाही. आमचा विद्यार्थी चौथ्या महिन्यातच होता, आणि रस्ता रोजचा होता.

म्हणून मुलांना आमची विनंती आहे, की गाडी घेतल्याची तारीख लक्षात ठेवा आणि निदान एक वर्ष स्वतःला उमेदवार समजा. आई-वडिलांना विनंती, की मुलाला ‘सावकाश जा’ एवढंच सांगून थांबू नका. येत्या रविवारी सकाळी सहाला त्याच्याबरोबर मैदानावर जा, आणि तो ताशी 40 वरून किती पावलांत थांबतो ते स्वतः मोजा. पेढे त्यानंतर वाटले तरी चालतील.