मारुतीला पद्मिनीचा साज

घरात पंधरा-वीस वर्षांची मारुती ८०० उभी असते. विकायला काढली तर मनासारखी किंमत येत नाही, आणि विकायला जीवही होत नाही. अशा वेळी घरातलं एखादं तरुण पोर म्हणतं, 'बाबा, हिलाच जुन्या जमान्याची गाडी करू या की!' म्हणजे दोन रंगांत रंगवायची, पुढे चकचकीत जाळी, गोल दिवे, चाकांवर चमकत्या ताटल्या. डेंटिंग-पेंटिंग करणारे तर भंडाऱ्यात, तुमसरला, साकोलीला, सगळीकडे आहेत. मग अडचण काय? अडचण पत्र्यात आहे आणि थोडी कायद्यात आहे.

ही कल्पना वेडगळ मुळीच नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. जपानमध्ये निसान कंपनीनं १९९१ साली 'फिगारो' नावाची गाडी काढली. दिसायला १९५०-६०च्या काळातली, पण आतून साधी मायक्रा. अशा वीस हजार गाड्या झाल्या. १९९३ साली मित्सुओका या लहानशा कंपनीनं मायक्राच्याच पुढच्या पिढीला जुन्या जॅग्वारचं नाक-तोंड बसवलं आणि 'व्ह्यूट' म्हणून विकली. फरक एवढाच की हे काम कारखान्यात, आराखडे काढून आणि मंजुरी घेऊन झालं होतं.

आपल्या डोळ्यांसमोर जॅग्वार येत नाही, पद्मिनी येते. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी फियाट, पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. पण पद्मिनीची चाकं १४ इंची आणि मारुती ८००ची १२ इंची. पद्मिनी लांबीला जवळजवळ चार मीटर, मारुती सव्वातीन मीटरच्या थोडी वर. त्यामुळे हुबेहूब नक्कल करायला गेलं की लहान मुलाला आजोबांचा कोट घातल्यासारखं दिसतं. नक्कल सोडून द्यावी. दोन रंगांची सीमारेषा गाडीच्या अंगावर मुळातच असलेल्या घडीवरून न्यावी, वरचा रंग फिका ठेवावा. निम्मं काम तेवढ्यानं होतं, आणि भंडाऱ्याच्या मे महिन्यात फिक्या टपाची गाडी कमी तापते, हा फायदा वेगळाच.

आता पत्र्याचं. महामार्गावर ट्रकची नुसती चासी चालवत नेणारा ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल. ट्रकला सांगाडा वेगळा आणि बॉडी वेगळी असते. छोट्या गाडीत तसं नसतं, बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. गोल दिवे बसवायला पुढचा भाग कापला की गाडीचं हाड कापलं जातं. टक्कर झाली तर धक्का कुठून कुठे जायचा, हे त्या पत्र्याच्या घड्या ठरवत असतात. म्हणून कापणं नको, वरून बसेल तेवढंच बसवावं. पट्टी लावायला पाडलेलं प्रत्येक भोक हे पावसाळ्यात गंजाचं दार असतं. भोक पाडलंच तर त्याच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय स्क्रू घालू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे रंगाच्या आधी गालिचा उचलून तळ बघा. तळ गंजलेला असेल तर वरच्या साजावरचा खर्च व्यर्थ आहे. लांबी भरून गंज झाकणारा कारागीर दोन पावसाळ्यांत उघडा पडतो.

चकाकीबद्दल बोलताना मात्र भंडाऱ्याच्या माणसानं जरा ताठ बसावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींचे दिवे आणि रेडिएटर चक्क पितळेचे असत, क्रोम फार नंतर आलं. पितळी भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या गावाला पितळ काय असतं ते सांगायला नको. आपल्या न्हाणीघरातला चांगला चकचकीत नळही आतून पितळेचाच असतो, वर क्रोमचा मुलामा. लोखंडी पट्टीवरचा मुलामा सूक्ष्म भेगांतून पाणी शिरून फुगतो, पितळी पट्टी तशी गंजत नाही. पट्टी करून घ्यायचीच तर पितळेची घ्यावी, असं माझं मत आहे. एक पथ्य मात्र आहे. पितळ आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड लवकर गंजतं. मध्ये रबराचा पातळ थर हवाच.

पुढच्या जाळीचंही एक पथ्य आहे. मारुतीचा रेडिएटर तिच्यामागेच असतो. शोभेची दाट जाळी लावून वारा अडवला, तर पंचेचाळीस अंशांत नागपूर गाठेपर्यंत इंजिन उकळेल. मोठी चाकं लावण्याचा मोहही टाळावा. चाक मोठं झालं की स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवतो आणि वळताना टायर पत्र्याला घासतो.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलता येतो, पण तो आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून एमएच-३६ची गाडी असेल तर भंडाऱ्याच्या आरटीओ कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागते. रंगवायला टाकण्यापूर्वीच तिथे विचारून यावं. पुढे जाड लोखंडी गार्ड लावण्याविरुद्ध केंद्रानं २०१७ सालीच राज्यांना कळवलं आहे. रस्त्यावरच्या सायकलवाल्याला त्याचा मार जास्त बसतो.

जुन्या थाटाची काळी नंबरप्लेट आणि तिच्यावर पांढरे आकडे, ही हौस अनेकांना असते. ती पुरवता येणार नाही. राज्यात जुन्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी बंधनकारक आहे. २०२१च्या नियमांनी 'व्हिंटेज' गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. पद्मिनीचा साज चढवलेली मारुती कागदोपत्री मारुतीच राहते.