वाण नाही, पण गुण लागतो!

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण नेहमी वाईट अर्थानेच वापरतो. शेजारच्या पोराबरोबर हिंडणारा आपला मुलगा गुटख्याची पुडी फोडताना सापडला, की घरातले वडीलधारे हमखास ही म्हण ऐकवतात. पण ढवळ्याचा चांगला गुण पवळ्याला लागू नये, असे काही या म्हणीत सांगितलेले नाही. पटकी, गोवर यांचा संसर्ग होतो हे आपण जाणतो. सवयींचाही संसर्ग होतो, आणि तो चांगल्या सवयींचाही होतो. आरोग्याच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. आजच्या लेखात तिचा विचार करू.

रहिमतपूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील रुग्ण तपासता तपासता मला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे झाली. 'मीठ कमी करा', 'तंबाखू सोडा', 'गोळी चुकवू नका' ही तीन वाक्ये या काळात किती वेळा उच्चारली असतील, त्याची गणती नाही. समोरचा माणूस मान डोलावतो, 'व्हय डॉक्टर' म्हणतो आणि घरी जातो. पुढच्या महिन्यात रक्तदाब पुन्हा तेवढाच! यात त्याचा दोष थोडा आहे. डॉक्टरची संगत महिन्यातून दहा मिनिटांची असते, उरलेला सगळा वेळ तो घरच्यांत, शेजाऱ्यांत आणि मित्रांत असतो. त्याच्या प्रकृतीचा निकाल त्या उरलेल्या वेळात लागतो.

मिश्रीचा डबा

आपल्या भागातील एक घरगुती उदाहरण घ्या. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि सकाळी चुलीपुढे बसून ती दातांना चोळायची, ही मिश्रीची चाल घरोघरी आहे. तरुण बाईला विचारले, 'मिश्री कुणी शिकवली?' तर उत्तर ठरलेले असते. 'दात शिवशिवत होते, सासूबाईंनी दिली.' सासूबाईंना त्यांच्या सासूने दिलेली असते. पुढे ही सून आपल्या शाळकरी मुलीच्या दुखऱ्या दाढेवर चिमूटभर लावते आणि डबा चौथ्या पिढीच्या हातात जातो.

मिश्रीने दात दुखायचे थांबतात असे वाटते. प्रत्यक्षात तंबाखूने हिरडी बधिर होते आणि कीड आत वाढतच राहते. हिरड्या झिजतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि काहींच्या बाबतीत त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवतो. गरोदर बाईच्या मिश्रीचा परिणाम पोटातील बाळावरही होतो. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी आढळले. आधीच दोन-सव्वादोन किलोच्या बाळाला हे शंभर ग्रॅम फार महाग पडतात.

पण याच साखळीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. जवळच्या एका वाडीतील साठीच्या आजीबाईंच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तपासणीत सुदैवाने कर्करोग निघाला नाही. घाबरून त्यांनी मिश्री सोडली. मी इतकी वर्षे त्यांच्या दोन्ही सुनांना सांगत होतो, त्याचा उपयोग झाला नव्हता. सासूच्या हातात डबा दिसेना तेव्हा वर्षाच्या आत धाकट्या सुनेने मिश्री सोडली, मग थोरलीने. 'आता घरात तंबाखू भाजायलाच कुणी नाही,' असे धाकटीने मला हसत सांगितले. आजीबाईंनी सुनांना उपदेशाचा एक शब्दही सांगितला नव्हता.

हा केवळ योगायोग नव्हे. अमेरिकेत बोस्टन शहराजवळ फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथील रहिवाशांच्या प्रकृतीची नोंद १९४८ पासून ठेवली जाते. हृदयविकाराची कारणे समजण्यास या गावाच्या नोंदींचा मोठा उपयोग झाला. या नोंदींतील १२ हजारांहून अधिक माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातील धूम्रपानाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पती किंवा पत्नीने सिगारेट सोडल्यावर जोडीदार सिगारेट ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडल्यास ती ३६ टक्क्यांनी आणि भावा-बहिणीने सोडल्यास २५ टक्क्यांनी कमी झाली. सारख्या सवयींची माणसे मुळातच एकमेकांजवळ येतात, हेही यात धरले पाहिजे. तरीसुद्धा एकाने सोडले की त्याच्या आजूबाजूचे सोडू लागतात, हे चित्र त्यात स्पष्ट दिसते.

जामखेडच्या बाया

याहून मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. जुलाब, धनुर्वात, कुपोषण ही त्यामागची कारणे. यातील बहुतेक आजारांना मोठ्या रुग्णालयाची गरज नव्हती. घरातील वागणूक बदलण्याची गरज होती.

प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. पण परगावची मुलगी खेड्यात एकटी राहायला धजत नव्हती आणि गावातील बाया तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. मग गावातीलच एक बाई निवडून तिला शिकवायचे ठरले. यातील बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. काही दलित समाजातील होत्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा जामखेडच्या केंद्रावर जमायचे, शिकायचे आणि परत जाऊन गावाला सांगायचे, असा क्रम सुरू झाला. बाळंतपणात स्वच्छता कशी राखायची, जुलाब लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, मुलांचे वजन कसे करायचे, हे त्या शिकल्या.

गरोदर बाईने पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, असा तेथे समज होता. बाळाला पहिला चीक पाजत नसत. परक्या डॉक्टरने सांगून असे समज जात नाहीत. पण आपल्याच आळीतील, आपल्यासारखेच पाणी वाहणारी आणि खुरपायला जाणारी बाई स्वतःच्या घरात वेगळे वागते आणि तिचे नातवंड बाळसेदार दिसते, तेव्हा शेजारीण विचारायला येते. पुढच्या वीस-बावीस वर्षांत या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली यांपैकीच एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातील झगमगते झुंबर आणि आपली साधी पणती यांची त्यांनी तुलना केली. झुंबर महाग असते, एका जागी टांगलेले असते. पणती स्वस्त असते आणि एका पणतीवर दुसरी लावता येते, अशा अर्थाचे ते बोलणे होते. २००५ नंतर गावोगावी आलेल्या आपल्या आशाताईंच्या मागे जामखेडसारख्याच प्रयोगांचा अनुभव आहे.

आधी खराटा, मग कीर्तन

या सर्वांत एक सूत्र समान आहे. आधी करायचे, मग बोलायचे. संत गाडगेबाबांनी हे सूत्र सबंध महाराष्ट्राला दाखवले. सातारा जिल्ह्याशी त्यांचे नाते जवळचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. बाबा गावात आले की प्रथम खराटा घेऊन गाव झाडायला लागत. झाडताना पाहून चार माणसे पुढे होत. कीर्तन रात्री असे. दिवसा नुसते स्वच्छतेवर भाषण दिले असते, तर लोकांनी ऐकून सोडून दिले असते.

सहा महिन्यांची सोबत

काही आजारांत अशी सोबत औषधाइतकीच मोलाची असते. क्षयरोगाचेच पाहा. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि रुग्णाला वाटते, झालो बरा. गोळ्या बंद होतात. शरीरात उरलेले जंतू मग त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि आजार उलटतो, तो पहिल्यापेक्षा बिकट. तोच आजार घरातील लहान मुलांनाही लागू शकतो.

हमाली करणाऱ्या एका रुग्णाच्या बाबतीत असेच घडू पाहत होते. बरे वाटल्यावर त्याने दवाखान्यात येणे सोडले. त्याच्या शेजारच्या किराणा दुकानदाराने गोळ्यांचा डबा आपल्या दुकानात ठेवून घेतला. रोज सकाळी हमाल कामाला निघाला की दुकानदार हाक मारी, 'तात्या, चहा घ्या आणि गोळ्या घ्या.' सहा महिने तो चहा चुकला नाही. तात्या बरे झाले. मी लिहिलेली औषधे तीच होती, पण ती पोटात गेली ती शेजाऱ्यामुळे. २०२२ पासून क्षयरुग्णाच्या पोषणाला हातभार लावण्यासाठी 'निक्षय मित्र' होण्याची सोयही शासनाने केली आहे. त्याची माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

सल्ला दुधारी असतो

मात्र शेजाऱ्याचा शब्द जसा तारतो तसा बुडवतोही. 'मला या गोळीने बरे वाटले, तुम्हीही घ्या' म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या गुडघेदुखीसाठी घरोघर फिरतात आणि पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. 'सलाईन लावल्याशिवाय अशक्तपणा जात नाही' हाही असाच पसरलेला समज. उसात साप चावल्यावर जमलेल्या दहा जणांपैकी एखादा म्हणतो, 'आधी मांत्रिकाकडे नेऊ' आणि मोलाचा वेळ निघून जातो. त्याच गर्दीतील दुसरा माणूस 'गाडी काढा, सरकारी दवाखान्यात चला' म्हणाला तर प्राण वाचतात, कारण विषावर उतारा असलेली लस तेथे असते. शेजाऱ्याने औषध सुचवू नये. 'चला, मी येतो तुमच्याबरोबर दवाखान्यात' एवढे मात्र जरूर म्हणावे.

आपण काय करावे?

यासाठी पुढारी किंवा समाजसेवक असावे लागत नाही. पुढील गोष्टी कोणालाही जमतील.

१. सुरुवात स्वतःपासून करा. जेवल्यावर तंबाखूचा बार भरणाऱ्या बापाने मुलाला गुटख्याचे तोटे सांगून उपयोग होत नाही.

२. एका वेळी एक माणूस आणि एकच गोष्ट धरा. एकाच दिवशी तंबाखू, चहा, तेल आणि आळस यांवर हल्ला चढवला तर माणूस आपल्याला टाळू लागतो.

३. चारचौघांत बोलू नका. जत्रेत, लग्नाच्या पंगतीत कोणाचे व्यसन काढले की तो हट्टाला पेटतो. एकांतात आणि आपुलकीने बोला.

४. 'फिरायला जा' असे सांगण्याऐवजी 'उद्या सहाला हाक मारतो, स्टेशन रस्त्याने जाऊन येऊ' म्हणा. सोबत असली की पाय आपोआप निघतात.

५. तंबाखू सोडणाऱ्याला पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके दुखते. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. तोवर घरच्यांनी त्याचे चिडणे मनावर घेऊ नये, आणि मित्रांनी त्याच्यासमोर पुडी काढू नये. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

६. तो पुन्हा घसरला तर 'मला माहीत होतंच' हे वाक्य गिळून टाका. तंबाखू सोडणाऱ्या बहुतेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो.

वाचकहो, या आठवड्यात एवढेच करून पाहा. आपल्या घरातील किंवा आळीतील एक माणूस मनात धरा. ज्याची रक्तदाबाची गोळी चुकते, जिच्या तोंडात चट्टा आहे पण दाखवायला जायचे भय वाटते, जो खोकतो आणि 'जाईल आपोआप' म्हणतो, असा कोणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. त्याला काही समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. तो कधी मोकळा आहे ते विचारा आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जा.